गिऱ्हाइकाच्या हातातला पैसा कुणाचा? दूरसंचार उपकरणांची मंदी आणि तुमचे शेअर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दूरसंचार जाळ्यांची उपकरणे बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे शेअर तुम्ही दोन वर्षांपूर्वी निवृत्तीच्या पैशातून घेतले. आज भाव खरेदीच्या 55 टक्के खाली आहे. कंपनी म्हणते, ग्राहकांकडे आधीचा माल पडून आहे, तो संपला की ऑर्डरी पुन्हा सुरू होतील. पी/ई, म्हणजे शेअरचा भाव प्रति शेअर नफ्याच्या किती पट, तो 9 दिसतो. मुलगा त्याच कंपनीत नोकरीला आहे, तोही म्हणतो घाबरू नका. आता आणखी घेऊन सरासरी खाली आणावी, नुसते थांबावे, की विकून मोकळे व्हावे?

मी 1998 पासून या उद्योगाचे ताळेबंद वाचतो आहे. माझे उत्तर आधी सांगतो आणि मग कारणे. आज सरासरी करू नका. विकायचे की थांबायचे हे पी/ई पाहून ठरवू नका, भाव किती पडला यावरूनही नको. ते ठरते कंपनीचे गिऱ्हाईक कुणाच्या पैशाने माल घेत होते यावर. हा आकडा कंपनीच्या पत्रकार परिषदेत सांगत नाहीत, पण वार्षिक अहवालाच्या मागच्या पानांत तो असतो.

पी/ईपासून सुरुवात करतो, कारण तुमचा सगळा धीर त्या 9 वर टेकला आहे असे दिसते. या धंद्यात खर्च दोन प्रकारचे असतात. काही विक्रीबरोबर कमी होतात, काही होतच नाहीत. संशोधनाचा खर्च दुसऱ्या प्रकारचा. पुढच्या पिढीचा रेडिओ किंवा राउटर बनवणारे हजारो इंजिनिअर विक्री घटली म्हणून या तिमाहीत निम्मे करता येत नाहीत. केले तर तीन वर्षांनी विकायला मालच उरत नाही. समजा 100 रुपयांची विक्री आहे. मालाचा खर्च 58, संशोधन 18, विक्री आणि प्रशासन 14, नफा 10. आता विक्री 25 टक्के घटली, 75 झाली. मालाचा खर्च 46 पर्यंतच उतरतो, कारण कारखान्याचे भाडे, यंत्रे आणि कायमचे कामगार जागच्या जागी राहतात. संशोधन 18 च. प्रशासनात काटकसर करून 13. बेरीज 77, म्हणजे 2 रुपये तोटा. विक्री चतुर्थांश घटली आणि नफा अख्खा गेला. तुमचा 9 चा पी/ई त्या 10 रुपयांच्या नफ्यावर काढलेला आहे. तो नफा गेल्या वर्षाचा आहे. मंदीच्या तोंडावर या उद्योगातले शेअर नेहमीच स्वस्त दिसतात, कारण भाव पुढचे पाहून आधी पडतो आणि नफ्याचा आकडा मागून येतो. उलट मंदीच्या तळाशी नफा शून्याजवळ असतो, तेव्हा पी/ई 80 दिसतो किंवा निघतच नाही, आणि लोक म्हणतात महाग आहे.

आता 'ग्राहकांकडे माल पडून आहे' या वाक्याकडे येऊ. ते बहुधा खरे असते, पण अर्धवट. उपकरणांचा किंवा चिपांचा तुटवडा असला की जाळे चालवणाऱ्या कंपन्या गरजेपेक्षा जास्त मागणी नोंदवतात, एकाच गरजेसाठी दोन-तीन पुरवठादारांकडे नोंदवतात. ज्याचा माल आधी येईल तो घ्यायचा, बाकीच्यांना नंतर नकार कळवायचा. पुरवठादाराच्या ऑर्डर बुकात मात्र ती मागणी पक्की म्हणून दिसते, आणि तो तिच्या भरवशावर सुटे भाग मागवून ठेवतो. 2000 मध्ये इंटरनेटच्या जाळ्याची उपकरणे बनवणाऱ्या अमेरिकेतल्या सिस्कोचे हेच झाले. मार्च 2000 मध्ये ही कंपनी बाजारमूल्याने जगात पहिली झाली होती, 500 अब्ज डॉलरच्या वर. एका वर्षात, एप्रिल 2001 मध्ये, तिने 8,500 लोकांना काढले आणि सुमारे 2.2 अब्ज डॉलरचा साठा निर्लेखित करावा, म्हणजे बुडीत धरून हिशेबातून काढून टाकावा लागला. मागणी खरीच आहे असे समजून मागवलेले हे भाग होते. 2021-22 च्या चिपटंचाईत पुन्हा तसेच घडले. 2023 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या ग्राहकांनी नवी खरेदी आखडली, तेव्हा नोकियाची तिसऱ्या तिमाहीची विक्री 20 टक्क्यांनी घसरली आणि कंपनीने 14,000 पर्यंत नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. एरिक्सनने त्याच वर्षी फेब्रुवारीत 8,500 चा आकडा दिला होता.

म्हणजे साठा संपण्याची वाट पाहणे हे काही वेळा योग्यही असते. 2023 च्या मंदीत ज्यांनी या दोन कंपन्यांचे शेअर धरून ठेवले त्यांचे भांडवल बुडाले नाही. 2001 मध्ये ज्यांनी अमेरिकेतली ल्यूसंट किंवा कॅनडातली नॉर्टेल या उपकरण कंपन्यांचे शेअर धरून ठेवले त्यांचे जवळजवळ सगळे गेले. दोन्ही वेळी कंपन्यांचे निवेदन तेच होते : ग्राहक साठा पचवत आहेत, दोन-तीन तिमाहींचा प्रश्न आहे. मग फरक कशात होता? माझ्या मते एकाच गोष्टीत, आणि तिच्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

1996 मध्ये अमेरिकेत नवा दूरसंचार कायदा झाला. स्थानिक टेलिफोनचा धंदा स्पर्धेला खुला झाला आणि शेकडो नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे गिऱ्हाइके थोडी आणि उत्पन्न त्याहून थोडे. पण भांडवल बाजार त्यांना पैसे देत होता, कारण इंटरनेटवरची वाहतूक दर 100 दिवसांनी दुप्पट होते असे सगळेच सांगत होते. 1998 मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या अहवालातही ते छापून आले. तसा वेग 1995-96 मध्ये थोडा काळ खरोखर होता. पुढे तो वर्षाला दुपटीच्या आसपास आला. अमेरिकेतली मोठी टेलिफोन कंपनी एटी अँड टी हिच्या प्रयोगशाळेतले गणिती अँड्र्यू ओडलिझको यांनी तेव्हाच हे दाखवून दिले होते. वर्षाला दुप्पट म्हणजे काही कमी नाही. पण दर 100 दिवसांनी दुप्पट म्हणजे वर्षाला जवळपास बारापट, आणि जाळी त्या बारापटीच्या हिशेबाने टाकली जात होती. त्यातच एका काचतंतूतून अनेक रंगांचे प्रकाशझोत एकदम पाठवण्याचे तंत्र आले. जमिनीत आधीच पुरलेल्या प्रत्येक तंतूची क्षमता त्याने कितीतरी पट झाली. युरोपात 2000 मध्ये थ्रीजीच्या लहरींचे लिलाव झाले. ब्रिटनमध्ये 22.5 अब्ज पौंड, जर्मनीत 50 अब्ज युरोंच्या वर. तिथल्या बड्या कंपन्यांनी कर्ज काढून ते भरले आणि उपकरणे घ्यायला त्यांच्याकडे पैसा उरला नाही.

आता ल्यूसंट. एटी अँड टीपासून 1996 मध्ये वेगळी झालेली, बेल लॅब्ज ही नामांकित संशोधन प्रयोगशाळा जिच्याकडे आली ती कंपनी. अमेरिकेत सर्वात जास्त घरांत ज्यांचे शेअर होते अशांपैकी ही एक. एटी अँड टीच्या जुन्या भागधारकांना ते आपोआप मिळाले होते, आणि त्यांत निवृत्त लोक खूप होते. डिसेंबर 1999 मध्ये भाव 84 डॉलरच्या आसपास होता आणि बाजारमूल्य 250 अब्जांच्या वर. विक्री दर तिमाहीत वाढलेली दाखवायची हा बाजाराचा धाक होता. नव्या टेलिफोन कंपन्यांकडे रोख नव्हती. मग ल्यूसंटनेच त्यांना कर्ज द्यायचे आणि त्या कर्जातून त्यांनी ल्यूसंटचा माल घ्यायचा, असे सुरू झाले. याला धंद्यात व्हेंडर फायनान्सिंग म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या हातात स्वतःचेच पैसे द्यायचे, तेच परत गल्ल्यात घ्यायचे आणि वहीत विक्री लिहायची. 2000 च्या अखेरीस ल्यूसंटने अशा कर्जांपोटी आणि हमीपोटी दिलेली आश्वासने सुमारे 8 अब्ज डॉलरची होती.

विनस्टार हे त्यातले एक गिऱ्हाईक. इमारतींच्या गच्चीवर अँटेना बसवून कार्यालयांना बिनतारी जोडणी देणारी ही कंपनी. 1998 मध्ये ल्यूसंटने तिला 2 अब्ज डॉलरपर्यंत उचल देण्याचे मान्य केले. 18 एप्रिल 2001 ला विनस्टारने दिवाळखोरी जाहीर केली. पुढचा भाग गुंतवणूकदारांना सहसा कोणी सांगत नाही. डिसेंबर 2000 मध्ये विनस्टारने कर्जापैकी सुमारे 188 दशलक्ष डॉलर परत केले होते. दिवाळखोरीच्या कारभाऱ्याने न्यायालयात ते परत मागितले आणि 2005 मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. ल्यूसंटचा विनस्टारवर इतका ताबा होता की तिमाहीची विक्री फुगवण्यासाठी तिला नको असलेला मालही घ्यायला लावला जात होता, असे न्यायालयाला आढळले. म्हणजे माल गेला, कर्ज बुडाले आणि वसूल झालेला हप्ताही परत द्यावा लागला.

ल्यूसंटने 6 जानेवारी 2000 ला पहिल्यांदा अपेक्षाभंगाचा इशारा दिला, तेव्हा भाव एका दिवसात चतुर्थांशाहून जास्त पडला. त्या दिवशी 'स्वस्त मिळाला' म्हणून घेणारे पुष्कळ होते. डिसेंबर 2000 मध्ये आधीच जाहीर केलेल्या एका तिमाहीच्या विक्रीतून 679 दशलक्ष डॉलर वजा करावे लागले. ऑक्टोबर 2002 मध्ये भाव एका डॉलरच्या खाली होता. वरच्या भावापासून निम्म्यावर आल्यावर ज्याने घेतला त्याचेही 97-98 टक्के गेले. तुमच्या 55 टक्क्यांकडे पाहताना हे गणित डोळ्यांसमोर ठेवा. 100 चा शेअर 45 वर आला म्हणजे उरलेला धोका 45 टक्के, असे मनाला वाटते. पण आज घेणाऱ्याच्या दृष्टीने 45 हेच 100 आहेत आणि तिथून पुन्हा सगळेच्या सगळे जाऊ शकते.

माझी स्वतःची चूकही इथेच झाली, म्हणून इतके कळकळीने लिहितो. 2001 च्या सुरुवातीला मी काही कुटुंबांना एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचे शेअर घ्यायला सांगितले. भाव 40 टक्के उतरला होता, कंपनीवर कर्ज नव्हते, माल चांगला होता. मी तिचा ताळेबंद ओळीओळीने वाचला. तिच्या गिऱ्हाइकांचा वाचला नाही, आणि त्या गिऱ्हाइकांच्या गिऱ्हाइकांचा तर विचारही केला नाही. त्याच वर्षी एका बुडालेल्या टेलिफोन कंपनीच्या मालाचा लिलाव पाहायला गेलो. लांबच लांब गोदाम, भिंतीला लावलेले पुठ्ठ्याचे खोके, एकावर एक छातीपर्यंत. बहुतेकांची पट्टी तोडलेलीच नव्हती. एक खोका उघडून दाखवला तर आत फेसाच्या साच्यात कार्ड जसेच्या तसे बसवलेले, ओल शोषणारी पुडी तशीच, वर पॅकिंगची चिठ्ठी. तारीख आठ महिन्यांपूर्वीची. तो खोका कुणाच्या तरी मागच्या वर्षीच्या 'विक्रमी विक्रीत' मोजलेला होता. आणि आता तो मूळ किमतीच्या अगदी थोड्या अंशाला विकला जाणार होता, म्हणजे बनवणाऱ्याच्याच नव्या मालाशी स्पर्धा करणार होता. त्या दिवशी मला कळले की साठा संपायला दोन तिमाही लागतील हा हिशेब फक्त जिवंत गिऱ्हाइकांच्या साठ्याचा असतो. मेलेल्या गिऱ्हाइकांचा साठाही बाजारातच येतो. ज्या कुटुंबांचे पैसे गेले त्यांच्यापैकी एका काकांनी मला एवढेच विचारले होते, 'हे आधी कुठे लिहिलेले होते का?' होते. टिपांमध्ये होते.

म्हणून तुम्हाला ती पाने कशी वाचायची ते सांगतो. वार्षिक अहवाल उघडा आणि अध्यक्षांचे पत्र, छायाचित्रे, आलेख सगळे ओलांडून हिशेबाच्या टिपांपाशी जा.

पहिल्यांदा येणी पाहा, म्हणजे विकलेल्या मालाचे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे. तिमाहीची विक्री 500 आणि येणी 400 असतील तर 400 ला 500 ने भागून 90 ने गुणा. 72 दिवस आले, म्हणजे सरासरी इतक्या दिवसांची उधारी. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीची विक्री 600 झाली. वर्तमानपत्रात मथळा येतो, 20 टक्के वाढ. पण येणी 680 झाली असतील तर उधारी 102 दिवसांची झाली. वर्षाची विक्री 2,000 वरून 2,400 झाली असे धरले तर वाढलेल्या 400 पैकी 280 अजून हातात आलेच नाहीत. विक्रीपेक्षा येणी वेगाने वाढत असतील, सलग तीन-चार तिमाही, तर विक्री ओढूनताणून होते आहे असे मी धरतो. ल्यूसंटच्या 1999 च्या ताळेबंदात येणी आणि साठा दोन्ही विक्रीपेक्षा कितीतरी वेगाने वाढले होते. भाव शिखरावर पोहोचण्याआधीच्या ताळेबंदात हे दिसत होते.

काही कंपन्या येणी बँकांना विकून टाकतात, मग उधारी कमी दिसते. त्याचीही टीप असते, 'विकलेली येणी' किंवा 'फॅक्टरिंग' या नावाखाली. तो आकडा परत येण्यांत मिळवून हिशेब करा.

मग ग्राहकांना दिलेली कर्जे आणि हमी. ही दोन वेगवेगळ्या ठिकाणी असतात. प्रत्यक्ष दिलेले कर्ज मालमत्तेत दिसते. देण्याचे कबूल केलेले आणि अजून न उचललेले कर्ज मात्र ताळेबंदात येतच नाही, ते फक्त 'बांधिलक्या आणि संभाव्य देणी' या टिपेत असते. हा एकच आकडा मिळवायला अर्धा तास गेला तरी चालेल. तो एकूण भागभांडवलाच्या दहाव्या हिश्शापेक्षा मोठा असेल आणि ती गिऱ्हाइके स्वतः नफ्यात नसतील, तर माझा सल्ला विकण्याचा आहे, भाव कितीही असो.

त्याच टिपेत खरेदीच्या बांधिलक्याही असतात, म्हणजे पुरवठादारांकडून जो माल घ्यायचे कंपनीने आधीच कबूल केले आहे तो. ऑर्डर बुक उतरते आहे आणि या बांधिलक्या तशाच आहेत असे दिसले तर पुढच्या दोन-तीन तिमाहींत साठा निर्लेखित होणार असे समजून चाला.

गुडविलबद्दल थोडक्यात. दुसऱ्या कंपन्या महागात विकत घेतल्या की जास्तीची किंमत मालमत्तेत गुडविल म्हणून बसते. तेजीत स्वतःच्या चढ्या शेअरांनी केलेल्या खरेद्या मंदीत अशा निर्लेखनातून बाहेर पडतात. काचतंतूच्या जाळ्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या जेडीएस युनिफेजने 2001 च्या आर्थिक वर्षात 50 अब्ज डॉलरहून अधिक तोटा दाखवला तो बहुतेक याच कारणाने. एरिक्सनने 2022 मध्ये 6.2 अब्ज डॉलरना घेतलेल्या व्होनेज या कंपनीपोटी 2023 मध्ये सुमारे 32 अब्ज स्वीडिश क्रोनर निर्लेखित केले. या निर्लेखनात रोख बाहेर जात नाही, त्यामुळे त्या दिवशी घाबरून विकण्याचे कारण नाही. खरेदीपोटी द्यायची रोख किंवा शेअर आधीच दिलेले असतात. व्यवस्थापनाने तुमच्या पैशाचे काय केले याची ती उशिरा आलेली पावती असते, इतके लक्षात घेतले की पुरे.

आणि कर्ज. इथे थांबून वाचा, कारण भागधारक सगळ्यात शेवटी उभा असतो. ब्रिटनच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडे कित्येक वर्षे भरपूर रोख साठवलेली होती. नव्या व्यवस्थापनाने 1999 मध्ये संरक्षण विभाग विकला, नाव मार्कोनी ठेवले आणि अमेरिकेत दोन दूरसंचार कंपन्या रोख मोजून घेतल्या. रोख संपली, कर्ज झाले. 2000 मध्ये शेअर 12 पौंडांच्या वर होता. 4 जुलै 2001 ला व्यवहार थांबवून नफा घटण्याचा इशारा दिला, आणि व्यवहार पुन्हा सुरू झाले तेव्हा भाव निम्मा झाला. 2003 मध्ये कर्ज देणाऱ्यांनी कर्जाऐवजी कंपनीच घेतली. जुन्या भागधारकांकडे नव्या कंपनीचा अर्धा टक्का उरला. कारखाने चालू होते, इंजिनिअर कामावर होते, माल विकला जात होता. फक्त मालक बदलले होते. नॉर्टेलच्या बाबतीतही तेच. 2009 च्या जानेवारीत तिने दिवाळखोरी जाहीर केली. 2011 मध्ये तिचे पेटंटच 4.5 अब्ज डॉलरना विकले गेले. इतकी मौल्यवान वस्तू शेवटपर्यंत कंपनीकडे होती, पण ते पैसे कंपनी ज्यांचे देणे लागत होती त्यांच्या वाट्याला गेले. सामान्य भागधारकाला काही मिळाले नाही. तंत्रज्ञान चांगले आहे म्हणून शेअर वाचेल असे कोणी सांगितले की मला हे पेटंट आठवतात.

कर्ज असूनही कंपनी वाचू शकते, पण मग ती तुमच्याकडेच पैसे मागते. एरिक्सनने 2002 मध्ये 30 अब्ज क्रोनरचा राइट्स इश्यू आणला, म्हणजे जुन्या भागधारकांनाच नवे शेअर देऊ केले, जुन्या प्रत्येक शेअरमागे एक नवा, 3.80 क्रोनरना. ज्यांनी पैसे घातले ते पुढे तरले. ज्यांच्याकडे घालायला पैसे नव्हते त्यांचा हिस्सा पातळ झाला. तुमच्या कंपनीवर येत्या 18 महिन्यांत फेडायचे कर्ज हातातल्या रोखीपेक्षा जास्त असेल तर आज सरासरीसाठी ठेवलेले पैसे राइट्ससाठी लागतील, तेही बहुधा आजच्यापेक्षा खालच्या भावाला. सरासरी करू नका म्हणण्यामागचे एक साधे कारण हे आहे.

आता 2023 कडे परत येतो. तेव्हा गिऱ्हाइके म्हणजे वर्षानुवर्षे बिले गोळा करणाऱ्या जुन्या, मोठ्या दूरसंचार कंपन्या होत्या. त्यांच्यावरही कर्ज होते, पण दर महिन्याला लाखो ग्राहकांचे पैसे येत होते. फाइव्हजीचा पहिला टप्पा उरकला, साठा जास्त झाला होता, व्याजदर चढले, म्हणून त्यांनी खरेदी लांबवली. माल त्यांनी उपकरण कंपनीच्याच पैशाने घेतलेला नव्हता. नोकियाच्या हातात कर्जापेक्षा रोख जास्त होती. अशा मंदीत नफा आटतो, लाभांश कमी होतो, नोकऱ्या जातात, शेअर दोन-तीन वर्षे रेंगाळतो. पण भागधारकाला उठवून बाहेर काढले जात नाही.

तुमची कंपनी या दुसऱ्या प्रकारातली असली तरी एक गोष्ट आधीच मान्य करा. कंपनी सावरणे आणि तुम्ही दिलेला भाव परत येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सिस्कोचा धंदा 2001 नंतर कधीच धोक्यात नव्हता. विक्री वाढली, नफा वाढला, रोखीचे डोंगर झाले. तरीही मार्च 2000 चा वरचा भाव ओलांडायला डिसेंबर 2025 उजाडला. 60 व्या वर्षी घेतलेल्या माणसाला 85 व्या वर्षी मुद्दल दिसले, लाभांश सोडून. म्हणून 'माझा भाव आला की विकीन' हा विचार मनातून काढून टाका. तुमचा खरेदीचा भाव बाजाराला माहीत नाही. आज हातात तेवढी रोख असती आणि हे शेअर नसते, तर तुम्ही निवृत्तीच्या पैशातून ते किती घेतले असते? तेवढेच ठेवा.

जुने आलेख पाहताना एक सावधगिरी. यांतल्या कित्येक कंपन्यांनी नंतर अनेक शेअरांचा एक शेअर केला. नॉर्टेलने 2006 मध्ये दहाचा एक, सिएना या दुसऱ्या उपकरण कंपनीने त्याच वर्षी सातचा एक, जेडीएस युनिफेजने आठचा एक. त्यानंतरचा भाव पाहून 'बघा, सावरली' असे कोणी दाखवले तर मागचा भाव त्याच पटीत वाढवून पाहा.

म्युच्युअल फंडात पैसे आहेत म्हणून या उद्योगाशी आपला संबंध नाही, असेही धरू नका. 2000 मध्ये टोरांटोच्या निर्देशांकात एकट्या नॉर्टेलचे वजन तिसऱ्या हिश्शाहून जास्त झाले होते. 300 कंपन्यांच्या निर्देशांकात पैसे ठेवून आपण जोखीम वाटून टाकली, असे समजणाऱ्या कॅनडातल्या लोकांचा प्रत्येक तीन डॉलरमधला एक डॉलर एकाच उपकरण कंपनीत होता. तुमच्या फंडाच्या पहिल्या दहा कंपन्यांची यादी एकदा वाचा.

तुमच्यापुरते सांगायचे तर टिपांची ही पाने वाचायला एक रविवार पुरेल. गिऱ्हाइकांना दिलेली कर्जे नगण्य असतील, येणीचे दिवस स्थिर असतील आणि रोख कर्जापेक्षा जास्त असेल, तर निम्मे विका आणि निम्मे ठेवा. निम्मे विकायचे ते कंपनी वाईट आहे म्हणून नव्हे, तर तुमच्याकडे 25 वर्षे थांबायला नाहीत म्हणून. या तिन्हींपैकी एकही गोष्ट बिघडलेली दिसली तर सगळे विका. पहिल्यांदा मोठा तोटा पदरात घेताना हात जड होतो हे मला माहीत आहे. पण उरलेले 45 टक्के तुमच्या औषधपाण्याचे पैसे आहेत.

राहिला तुमचा मुलगा. त्याचे म्हणणे तो मनापासून सांगत असणार, पण त्याला आपल्या विभागातले काम दिसते, गिऱ्हाइकाची पत दिसत नाही. त्याहून महत्त्वाचे, त्याचा पगार, त्याला पगारात मिळणारे शेअर आणि तुमची निवृत्तीची रक्कम हे तिन्ही एकाच कंपनीवर अवलंबून आहे. ल्यूसंटमध्ये 1999 साली दीड लाखांच्या आसपास माणसे होती, काही वर्षांत तीस-पस्तीस हजार उरली. त्यांतल्या कितीतरी जणांची निवृत्तीची पुंजी त्याच शेअरमध्ये होती, त्यामुळे नोकरी आणि बचत एकदम गेली. नॉर्टेलच्या दिवाळखोरीत कॅनडातल्या दीर्घ आजारामुळे घरी बसलेल्या कर्मचाऱ्यांचा भत्ता आणि वैद्यकीय लाभ 2010 च्या अखेरीस बंद झाले. कारण त्यासाठी ठेवलेला निधी पुरेसा भरलेलाच नव्हता. त्याला सांगा, कंपनीकडून मिळणारे शेअर ज्या दिवशी विकायची मुभा मिळते त्याच दिवशी विकून ते पैसे दुसरीकडे ठेव. नोकरी मन लावून कर, त्याला याने काही बाधा येत नाही. आणि आरोग्य विमा कंपनीचा आहे तेवढ्यावर न थांबता स्वतःच्या नावाचा एक या महिन्यातच घे, नोकरी चालू असतानाच.